सबब नामालूम

मोजणीला गेलो होतो दुधनेकाठी, निमगव्हाणात.
गट नंबर एकशे चौदा. वाद साधाच, बांधाचा.
पण निजामाच्या काळातल्या कापडी नकाशावर
विहिरीपासून निघालेली एक रेघ
दर वीस पावलांवर काटकोनात मोडत होती,
पुन्हा मोडत होती, पुन्हा,
आणि कडेला कुणा गिरदावरानं उर्दूत लिहिलेलं:
टेढी नाली. सबब नामालूम.

आश्रोबाला मालूम होती. आजाकडून ऐकलेली.
झेंडी धरून उभ्या पोराला म्हणाला,
"सरळ नको पाहू लेका. पाट तिम्मा वडाराचा हाय."

तिम्मा माती जिभेवर ठेवून सांगायचा:
बारा हातांवर मुरूम, मग मांजऱ्या,
मग काळा पाषाण,
अन् पाषाणाच्या डाव्या बगलेत झरा.
तेराशे सव्वीस फसलीत जालन्याच्या बाजारात दवंडी पिटली:
खणणारे पाहिजेत. महिना वीस रुपये,
अंगात कोट, पायात बूट, काम दर्यापार.
तिम्मानं विचारलं, "तिकडं पाणी किती खोल?"
दवंडीवाला हसला.

पाणी दोन हातांवर लागलं.
आणि कुणालाच नको होतं ते.
रात्रभर बादल्यांनी उपसून फेकायचं.
दुष्काळात जन्मलेल्या माणसाला
ते पाप वाटायचं, तरी फेकलं.
पुढं नेलं तिथली माती पांढरी, पाटीवर लिहावं अशी.
तिच्यात कधी बटण लागायचं, कधी चमचा,
कधी बोटं.
पहिल्या बोटांना त्यानं, हळद नव्हती म्हणून,
तंबाखूची चिमूट वाहिली.
नंतर सोडून दिलं. तंबाखू पुरली नसती.

लढाई चार वर्षं चालली म्हणतात.
तिम्मानं पाहिली ती एवढीच:
वैशाखात खंदक दोनशे हात पुढं,
श्रावणात शंभर हात मागं,
दिवाळीला पुन्हा तिथंच,
जिथं त्याचं स्वतःचं मोडकं फावडं पडलेलं.

पहिला खंदक त्यानं दोरी लावून सुतात खणला होता.
गोऱ्या साहेबानं बुटानं काठ ढासळवला.
दुभाष्या म्हणाला, "वाकव. सरळ नालीत एक गोळा पडला
की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे जातात.
कोपरा असला की
कोपऱ्यापुरतेच."

दोन वर्षांनी जालन्याच्या फलाटावर उतरला.
पालांच्या जागी नुसते खुंट.
मानमोडी येऊन गेली होती, तिला कोपरे कुठले?
चंद्री आणि दोन्ही लेकरं एकाच खड्ड्यात,
घाईघाईत, उथळ.
त्यानं खड्डा पुन्हा उघडला.
कमरेइतका केला.
मग छातीइतका.
कुणी अडवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खंडूजीनं विहीर दिली,
आश्रोबाच्या आजानं. झरा डाव्या बगलेतच लागला.
पाट मात्र असा.
"काहून रे तिम्मा? पाणी अडखळतंय की.
मिरचीला पोचेस्तोवर दुपार."
तिम्मा म्हणे म्हणाला,
"सरळ ठेवला तर सगळी एकदमच जातील, मालक."
खंडूजीला वाटलं, मिरचीबद्दल बोलतोय.
त्यानं मजुरी निम्मीच दिली,
पण पाट बुजवला नाही. का नाही, तेही नामालूम.

कोपऱ्याकोपऱ्यात अळू माजलंय आता.
लहानपणी आश्रोबा बापाच्या मारातून
चौथ्या कोपऱ्यात लपायचा, कधी सापडला नाही.

मी कोपरे मोजले. बारा.
नकाशावर तेरा आहेत.
आश्रोबा म्हणतो, तेरावा खणता खणता
तिम्मा उठला, फावडं आडवं ठेवलं
आणि नदीकडं निघून गेला. परत कुणी पाहिला नाही.
उरलेला पाट दुसऱ्या कुणी पुरा केला,
दोरी लावून, सुतात.

तिथं यंत्र मांडलं आणि डोळा लावला.
पार शेवटपर्यंत काही आड येत नाही.
झेंडी धरून उभं पोरगं
स्वच्छ दिसतं, मधोमध.
मी त्याला म्हणालो,
जरा बाजूला हो.